खटला माशांवर

आमच्या घरी मासे आणायला आईच जाते, माझ्यावर तिचा भरवसा नाही. ती कल्ला उचलून लाल आहे का बघते, बोटाने दाबते, वास घेते. पटलं नाही तर कोळणीशी हुज्जत. पण मासा डब्यात बंद असेल तर?

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेपुढे हाच पेच होता. अलास्कात साल्मन उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत लोंढ्याने येतो. कारखान्याचा वेग मात्र ठरलेला. मासा पडून राहिला की सडणार. सीलबंद डबा तापवला की जंतू मरतात, पण सडलेला मासा ताजा होत नाही. डबा फुगलेला नसतो, लेबल चकाचक. गिऱ्हाइकाला कळणार कसं?

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. त्यातली जप्तीची तरतूद भन्नाट आहे. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला आणि तो खराब निघाला, की सरकारी वकील कोर्टात जातो आणि मार्शल माल ताब्यात घेतो. खटला मालकावर नाही, थेट मालावर! म्हणून खटल्यांची नावंही तशीच, 'अमेरिका विरुद्ध साल्मनच्या डब्यांच्या इतक्या पेट्या'. मालकाला लढायचं असेल तर त्याने पुढे यावं. सरकार या खटल्यांचे निकाल छापायचं. ते वाचताना एक गोष्ट सारखी दिसते : कित्येकदा कुणी फिरकतच नाही, आणि कोर्ट माल नष्ट करायला सांगतं.

१९११ मध्ये बोरिक ॲसिड घातलेल्या अंड्यांचे ५० डबे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. डबे बेकरीच्या गोदामात पोचले होते, तरी कोर्टाने जप्ती वैध ठरवली.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कायदा म्हणतो, पदार्थ पूर्ण किंवा अंशतः घाण, कुजका किंवा सडका असला की बास, ती भेसळ. "खाऊन कुणी आजारी पडलं का?" हा प्रश्नच उरत नाही. आमच्या कामात युजरचा डेटा उडाल्यावरच बग मान्य करणारे लोक भेटतात. इथे कुणाचं पोट बिघडायची वाट बघायची नाही.

आणि तपासणी कशी? सरकारी तपासनीस नमुन्याचे डबे उघडून चक्क वास घ्यायचे. रासायनिक चाचण्या आल्या, तरी नाकाची नोकरी गेली नाही.

आपल्याकडेही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३८ नुसार अधिकारी नमुना घेऊन संशयित माल जप्त करू शकतो. बंद डब्यावर आईचं नाक चालत नाही, म्हणून ते काम सरकारवर सोपवलंय. ते नाक रोज कामावर येतं का, एवढं विचारत राहणं मात्र आपल्याच हातात आहे.

भेटू पुढच्या भागात!