अळी आली 2018 ला, पहारेकरी आला 1963 ला!

पावसाळा लागला की ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, स्टेशनाबाहेर भुट्ट्याची गाडी असतेच. निखारे, लिंबू, तिखट-मीठ. आजची गोष्ट त्या भुट्ट्याच्या शत्रूची. आणि त्या शत्रूच्या शत्रूची.

मका मूळचा अमेरिकेतला. कोलंबसानंतर तो जगभर पसरला, आपल्याकडेही आला. त्याच्यावर जगणारी एक अळी मात्र तिकडेच राहिली. 1797 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. पुढे 2016 मध्ये ती आफ्रिकेत सापडली, मे 2018 मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. हीच ती अमेरिकन लष्करी अळी.

आता, 'लष्करी अळी' हे नाव ठाणे जिल्ह्याला नवं नाही. शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतीत त्याच कुळातली दुसरी लष्करी अळी लोंब्या कुरतडते. तिच्यासाठी कोकणात सल्ला काय देतात माहितीय? शेतातले बेडूक जपा! म्हणजे किडीवर कीडखाऊ सोडायची कल्पना आपल्या बांधावरचीच आहे.

पण मक्यातली अळी बिलंदर. ती थेट पोंग्यात शिरते, आणि वर भुशासारखी विष्ठा साचते. तिथवर फवारणी नीट पोचत नाही. मग करायचं काय? अळी व्हायच्या आधीच, अंड्यात गाठायचं.

इथे गोष्टीला वळण मिळतं. टेलेनोमस रेमस नावाची एक गांधीलमाशी आहे, मोहरीच्या दाण्याहून लहान. ती 1963 मध्ये न्यू गिनीतून भारतात आणली होती, तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीसाठी. ही माशी दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि मग त्यातून अळीऐवजी माशी बाहेर पडते. 2018 मध्ये कर्नाटकात नव्या अळीची अंडी तपासली, तर टेलेनोमस माश्या तिथे कामाला लागलेल्या! पाहुणी यायच्या 55 वर्षं आधीच पहारेकरी देशात हजर होता.

मग सगळं सोपं झालं? नाही ना. मध्ये तापमान येतं. उन्हाळ्यात अळीची एक पिढी साधारण 30 दिवसांत पूर्ण होते, थंडीत 80-90 दिवस लागतात. अमेरिकेत कडक हिवाळा तिला मारतो; दक्षिण फ्लोरिडा-टेक्साससारख्या उबदार भागातच ती तग धरते. आपल्याकडे तसा हिवाळाच नाही, म्हणून ती बारा महिने राहू शकते. उलट पारा 35 अंशांकडे गेला की माशीची नवी पिढी फारच कमी निघते. म्हणजे ऊन वाढलं की अळीचा वेग वाढतो आणि पहारेकरी गळपटतो.

म्हणून वेळ साधावी लागते. कामगंध सापळ्यात तीन पतंग दिसले की एकरी 50,000 टेलेनोमस किंवा ट्रायकोग्रामा सोडायची शिफारस आहे. ट्रायकोकार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावायचं. आणि त्याच्या आगेमागे रासायनिक फवारणी नको, नाहीतर आपणच आपले पहारेकरी मारू.

यात आपला काय संबंध? मका कोंबड्यांच्या खाद्यात मुख्य असतो. कसारा घाटापलीकडे मका गेला, तर त्याची झळ डोंबिवलीतल्या अंड्याच्या भावाला लागते. शिवाय भुट्टा आपण खातो, त्यावरचं विषही आपल्याच पोटात.

पटलं तर हा भाग मित्रांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!