आयकेके कायनेज

जखमेची, जंतूंची किंवा दाहाची वर्दी पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारा विकर-संच. एटीपीवरचा फॉस्फेट गट काढून दुसऱ्या रेणूवर चढवणाऱ्या विकराला कायनेज म्हणतात. प्रथिनांवर हे काम करणाऱ्या कायनेजांची पाचशेहून अधिक जनुके माणसात आहेत. फॉस्फेट चढला की प्रथिनाचे वागणे बदलते; फॉस्फाटेज विकराने तो उतरवला की ते पूर्ववत होते. ही चढउतार उलगडल्याबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आयकेकेमध्ये अल्फा आणि बीटा ही दोन कायनेजे असतात. तिसरा घटक गॅमा. तो स्वतः कायनेज नाही, पण त्याच्यावाचून बाकीच्या दोघांना वर्दी लागत नाही. एरवी एनएफ-कप्पा-बी हा जनुके चालू करणारा घटक पेशीद्रवात अडकून असतो. आय-कप्पा-बी हे प्रथिन त्याला धरून ठेवते. पायाला ठेच लागून जंतू शिरले, की पेशीपटलावरील ग्राहींमार्फत आयकेके जागे होते आणि आय-कप्पा-बीच्या ३२ व ३६ क्रमांकांच्या सेरीनांवर फॉस्फेट चढवते. हे प्रथिन मोडीत काढण्याची ती खूणच. त्यावर युबिक्विटिन चिकटते, प्रोटिएझोम त्याचे तुकडे करतो आणि सुटलेला एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करतो. गंमत अशी, की त्याच झपाट्यात तो आय-कप्पा-बीचे जनुकही चालू करतो, म्हणजे स्वतःला पुन्हा बांधून घेण्याची सोय स्वतःच करतो. ही सोय कोलमडली तर दाह रेंगाळतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ, वसमतकडे या विषयाला घरचा धागा आहे, तो हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळदीतील कर्क्युमिन आयकेकेचे काम रोखते, असे परीक्षानळीतील व पेशींवरील अनेक प्रयोगांत दिसले. मात्र त्यावरून हळदीच्या दुधाला औषध ठरवण्याची घाई नको. हळकुंडात कर्क्युमिन जेमतेम काही टक्के असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, आतड्यातून रक्तात अगदी थोडे पोचते. शिवाय ते स्वतःच चमकते आणि भेटेल त्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे चाचणीतले आकडे फसवे निघू शकतात. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका विस्तृत आढाव्याने नेमके हेच आक्षेप मांडले.