चित्रकला-शिक्षकांचे शिक्षण : साउथ केन्सिंग्टन ते अजिंठा

रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी १८५३ मध्ये इंग्लंडातील चित्रकला-शिक्षकांसाठी सिद्ध केलेल्या अभ्यासक्रमाला २३ पायऱ्या होत्या. आरंभ भौमितिक रेखनाने. पुढे छापील नमुन्यांच्या व प्लास्टरच्या ठशांच्या नकला. आकल्पनाचा प्राथमिक अभ्यास थेट बाविसाव्या पायरीवर. भावी शिक्षकाची परीक्षा हाताच्या अचूकपणावरच मुख्यतः होई. मुलांच्या कल्पनाशक्तीचा विचार तीत नव्हता. हा दोष मोठा खरा. तथापि साउथ केन्सिंग्टनच्या याच शिस्तीत वाढलेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक म्हणून आले आणि १८७२ पासून त्यांनी पेस्तनजी बोमनजी प्रभृति विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. नक्कल करण्याच्या त्या सवयीचे एवढे चीज इंग्लंडातील वर्गांत क्वचितच झाले असेल. त्यांपैकी लंडनला धाडलेल्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथेच आगीत जळाल्या.