नागरी भूआवरण बदल : उपग्रहचित्रांवरून नकाशांकन

एकाच शहराच्या वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रहचित्रांत बांधकाम, झाडोरा, शेती, पडीक जमीन आणि पाणी यांची वर्गवारी करून कोणत्या जागेचा वर्ग बदलला ते नकाशावर दाखवण्याची दूरसंवेदनातील पद्धत. भूआवरण म्हणजे वरून दिसते ते, भूवापर निराळा. पत्र्याखाली गोदाम आहे की शाळा, हे उपग्रहाला कळत नाही. लँडसॅटचा संग्रह २००८ मध्ये मोफत खुला झाल्यावर अशा नकाशांचे पेवच फुटले. त्यांतले हेक्टरांचे आकडे मोजणीसारखे भासतात, पण ते अंदाज असतात.

पुण्याच्या सीमेवर हे स्पष्ट होते. लँडसॅट-१ (१९७२) चा एक पिक्सेल साधारण दीड एकराचा, लँडसॅट-५ (१९८४) चा नऊ गुंठ्यांचा, तर सेंटिनेल-२ (२०१५) चा जेमतेम एका गुंठ्याचा. शहराच्या कडेची वस्ती मात्र गुंठ्यागुंठ्यानेच वाढली; ती नियमित करायला राज्याला २००१ मध्ये कायदाच करावा लागला. नऊ गुंठ्यांतले घर, अंगण आणि आंबा यांना पिक्सेल एकच नाव देतो. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून चित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतली निवडली जातात. तेव्हा नांगरलेले रान, मुरमाड माळ आणि काँक्रीट यांचे परावर्तन फसगत होण्याइतके सारखे असते. १९७२-७३ हे आधारवर्ष धरले, तर दुष्काळात उघडी पडलेली शिवारे बांधकामात मोडून पुढची वाढ कमी दिसण्याचा धोका आहे.

दोन्ही नकाशे प्रत्येकी ८५ टक्के अचूक असले आणि त्यांतल्या चुका परस्परांवर अवलंबून नसल्या, तर दोन्हींत बरोबर ठरणारी जागा ७२ टक्केच उरते. खरा बदल पाच टक्के असेल, तर तो चुकांच्या गर्दीत हरवू शकतो. चुका बऱ्याचदा दोन्ही वर्षी त्याच जागी होतात आणि एकमेकींना खोडतात, म्हणून हा हिशेब फार कडक आहे, असा आक्षेप घेता येतो. तो खरा आहे, पण ऋतू, पाऊस आणि संवेदक सारखे असतील तेवढ्यापुरताच. ढगांपलीकडे पाहणारे रडार किंवा अधिक बारीक चित्रे आजचा नकाशा सुधारतात. तुलनेची जुनी बाजू जाडच राहते. यावर उपाय कंटाळवाणा, पण उपलब्ध आहे : यादृच्छिक निवडलेले बिंदू जुनी हवाई छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्याशी ताडायचे, त्यावरून क्षेत्रफळ दुरुस्त करायचे आणि आकड्यासोबत त्याची कमी-अधिक मर्यादाही छापायची.