गार्फील्ड यांची गादी आणि निविदेचा तक्ता

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत् प्रवर्तनावर चालणारे यंत्र सिद्ध केले. इतरत्र घेतलेल्या चाचण्यांत ते उतरले. रुग्णशय्येपाशी मात्र फसले. गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते, आणि डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूपुरताच घेऊ दिला. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गार्फील्ड निवर्तले.

या प्रसंगाचा अर्थ मला उशिरा उमगला. शाळकरी मुलांच्या पावाच्या पॅकिंग लाइनसाठी मेटल डिटेक्टर निवडणाऱ्या समितीत मी होतो. लोखंडाची चाचणी-गोळी रिकाम्या पट्ट्यावरून नेली, घंटा वाजली. सर्वांत कमी दराच्या निविदेवर मी सही केली. परंतु गरम, ओलसर, खारट पाव स्वतःच धातूसारखा संकेत देतो. खोटे इशारे टाळण्यासाठी संवेदनक्षमता उतरवली गेली, आणि पुढे एका पावात स्टेनलेस स्टीलची तार निघाली. मुलाच्या घशाखाली ती गेली नाही, एवढेच दैव.

तेव्हापासून माझा आग्रह एकच: चाचणी प्रत्यक्ष मालात, प्रत्यक्ष वेगाने घ्यावी, लोह, अलोह व स्टेनलेस असे तिन्ही नमुने यंत्राच्या मुखाच्या मध्यातून न्यावेत, कारण संवेदन तेथेच सर्वांत क्षीण असते. दराचा तक्ता त्यानंतर उघडावा.