परवान्याची बंदूक आणि पालघरचा मुलूख

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने फिरंग्यांकडून ज्या तारापूरचा कोट घेतला आणि जेथे बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून कामी आला, त्याच मुलखात १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले. त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक-तलवारीबरोबर धनुष्यबाणही नमूद होते. म्हणजे ज्या वारल्यांच्या झोपडीत तिरकमठा कोयत्याइतकाच नित्याचा, त्यांचे उपजीविकेचे साधनही सरकारच्या दृष्टीने हत्यारच होते. युरोपियनांना मात्र कित्येक वर्षे माफी होती.

बंदोबस्त राहावा म्हणून रयत निःशस्त्र केली, असे सरकार म्हणे. परंतु १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या मोर्चातील पाच जण सरकारी गोळीबारात हुतात्मे झाले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवरही सरकारी बंदुकाच चालल्या. माझ्या मते त्या कायद्याचा भार निरपराधांवरच पडला.

१९५९चा कायदा, जो १९६२ साली अमलात आला, त्यास याच मापाने तोलणे अन्यायाचे होईल. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात स्वतंत्र विचार आहे. तरीही अर्ज, पोलीस चौकशी, नूतनीकरण आणि निवडणुकीच्या सुमारास ठाण्यात हत्यार जमा करण्याचा हुकूम, हे सारे सोसतो तो परवानेदार. चोरट्या गावठी कट्ट्याचा धनी कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसतो. त्याचा माग काढणे हे परवाना शाखेचे नव्हे, पोलीस तपासाचे काम आहे.