होल पंचिंग (फाइल प्रणाली)

होल पंचिंग ही संगणकाच्या फाइल प्रणालीतील एक क्रिया आहे. अस्तित्वात असलेल्या फाइलचा ठरावीक भाग डिस्कवर जी जागा व्यापतो, ती जागा या क्रियेने मुक्त केली जाते. मात्र फाइल नष्ट होत नाही आणि तिची लांबीही बदलत नाही. मुक्त झालेल्या भागास 'होल' म्हणजे छिद्र म्हणतात. छिद्रे असलेल्या फाइलला स्पार्स फाइल किंवा विरळ फाइल असे म्हटले जाते.

पार्श्वभूमी

फाइलची लांबी आणि तिने डिस्कवर व्यापलेली जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाइल प्रणाली डिस्कची विभागणी ब्लॉकमध्ये करते आणि फाइलचा कोणता भाग कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची नोंद ठेवते. एखाद्या भागासाठी ब्लॉकची नोंदच नसेल, तर तो भाग वाचताना प्रणाली शून्ये पुरवते. त्यामुळे १०० जीबी लांबीची फाइल प्रत्यक्षात काही एमबी जागाच व्यापू शकते. लिनक्समध्ये 'एलएस' ही आज्ञा सविस्तर यादीत फाइलची लांबी दाखवते, तर 'डीयू' ही आज्ञा व्यापलेली जागा दाखवते.

कार्यपद्धती

फाइलमधील प्रारंभस्थान आणि लांबी दिल्यावर प्रणाली त्या पट्ट्यात पूर्णपणे येणारे ब्लॉक फाइलपासून वेगळे करून मोकळ्या जागेत जमा करते. कडेला अंशतः येणारे ब्लॉक मुक्त होत नाहीत. त्यांतील संबंधित बाइट शून्य केले जातात. उदाहरणार्थ, ब्लॉकचा आकार ४,०९६ बाइट असताना १,००० व्या स्थानापासून १०,००० बाइटचे छिद्र पाडल्यास केवळ एक ब्लॉक मुक्त होतो आणि उरलेल्या ५,९०४ बाइटच्या जागी शून्ये लिहिली जातात. छिद्रानंतरच्या माहितीचे फाइलमधील स्थान बदलत नाही. मधला भाग काढून पुढील माहिती मागे सरकवणारी क्रिया याहून वेगळी असून तिच्यामुळे फाइलची लांबी घटते.

प्रणालींमधील सुविधा

लिनक्समध्ये ही सुविधा 'फॅलोकेट' या प्रणाली-आवाहनाद्वारे मिळते. छिद्र पाडण्याचा पर्याय २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ या आवृत्तीत समाविष्ट झाला. प्रथम एक्सएफएस आणि त्यानंतर ईएक्सटी४, बीटीआरएफएस इत्यादी फाइल प्रणालींनी त्यास आधार दिला. याच नावाच्या आज्ञेतील 'डिग होल्स' हा पर्याय केवळ शून्यांनी भरलेले ब्लॉक शोधून मुक्त करतो, त्यामुळे फाइलमधून वाचली जाणारी माहिती तीच राहते. विंडोजच्या एनटीएफएस प्रणालीत फाइल आधी विरळ म्हणून घोषित करावी लागते. त्यानंतर शून्य केलेल्या पट्ट्यातील जागा मुक्त होऊ शकते.

उपयोग

आभासी यंत्राची डिस्क बहुधा यजमान संगणकावर एका मोठ्या फाइलच्या रूपात असते. आभासी यंत्रातील फाइली पुसल्या, तरी यजमानावरील जागा आपोआप कमी होत नाही. आभासी यंत्राने निरुपयोगी ब्लॉकची सूचना दिल्यास यजमान त्या ठिकाणी छिद्रे पाडून जागा परत मिळवतो. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून इनोडीबीमधील पृष्ठ-संक्षेपनासाठीही हे तंत्र वापरले जाते. संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागत नसल्यामुळे, दुसरी प्रत ठेवण्याइतकी जागा डिस्कवर शिल्लक नसतानाही ही क्रिया करता येते.

मर्यादा आणि धोके

माहिती असलेल्या पट्ट्यात छिद्र पाडल्यास ती माहिती फाइलमधून नाहीशी होते. ही क्रिया उलट फिरवता येत नाही. म्हणून पट्टा चुकीचा दिल्यास बॅकअप हाच खात्रीचा आधार उरतो. छिद्रांची जाण नसलेल्या साधनाने नक्कल केल्यास छिद्रांच्या जागी खरोखरची शून्ये लिहिली जातात आणि नवी फाइल पूर्ण जागा व्यापते. स्नॅपशॉटमध्ये सामाईक असलेले ब्लॉक स्नॅपशॉट असेपर्यंत मुक्त होत नाहीत. अनेक छिद्रांमुळे फाइलचे विखंडनही वाढू शकते.

छिद्रासाठी डिस्कवर जागा राखून ठेवलेली नसते. तेथे पुन्हा लिहिताना नवे ब्लॉक लागतात आणि तोपर्यंत डिस्क भरली असल्यास, फाइलची लांबी वाढत नसतानाही लेखन अयशस्वी होते. यासाठी विरळ फाइली वापरताना त्यांच्या लांबीऐवजी डिस्कवरील प्रत्यक्ष मोकळ्या जागेवर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.